पाखरांची हजेरी

आपल्या घरांत एखादे अनोळखी पाखरू आले, की पहिला प्रश्न ठरलेला असतो. हे हलाल की हराम? या प्रश्नाला हसणारे बरेच भेटतात. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही, कारण या देशातल्या पक्षिशास्त्राची एक मोठी वाट याच प्रश्नाशेजारून निघाली आहे. मुंबईच्या खेतवाडीत मामाच्या घरी वाढणाऱ्या एका अनाथ मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. अशी चिमणी खावी की न खावी, हे त्याला कळेना. तो ती घेऊन मामांकडे गेला. मामा अमीरुद्दीन तय्यबजी हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद. त्यांनी त्याला चिठ्ठी देऊन सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे पाठवले. साहेबांनी पिवळ्या गळ्याची रानचिमणी म्हणून ती ओळखली आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खणामागून खण उघडून त्या पोराला दाखवले. त्या पोराचे नाव सलीम मोइजुद्दीन अब्दुल अली. १८९६ साली जन्मलेले आणि १९८७ साली गेलेले आपले डॉ. सलीम अली.

चिमणी ताटात जायची ती ज्ञानात गेली, असे मी माझ्या वर्गातल्या मुलांना सांगते. पण हा किस्सा मला खऱ्या अर्थाने कळला तो २०२५ च्या जानेवारीत, अब्बांबरोबर अबूचा पहाड आणि जैसलमेरचे वाळवंट पाहिले तेव्हा.

आम्ही सोलापूरचे. बार्शीच्या वाटेवर वीस-बावीस किलोमीटरवर नान्नज आहे. त्या माळांवर १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले. कागदावर त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतली गावेच्या गावे त्यात गेली. जमिनीचे व्यवहार अडकले, बांधकामे अडली आणि लोकांचा राग पाखरावर निघाला. पुढे हे क्षेत्र घटवून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. दरम्यान माळांवर पाणी आले, ऊस आला, प्लॉट पडले. आता नान्नजला एखादी माळढोक मादी दिसली तरी वर्तमानपत्रात बातमी येते.

अब्बांनी हे पाखरू लहानपणी पाहिले होते. माझे आजोबा, ज्यांना आम्ही बडे अब्बा म्हणत असू, ते शिकारीचे शौकीन. माणूस चालत गेला तर माळढोक दुरूनच सावध होतो, पण बैलगाडीला बिचकत नाही, हे शिकाऱ्यांना ठाऊक असे. बडे अब्बा गाडीत आडवे पडून जवळ जात. एका नराचे वजन बारा-पंधरा किलोपर्यंत भरते. एक पाखरू आले की साऱ्या गल्लीत वाटे जात. घरात त्याला माळढोक म्हणत नसत, तुगदर म्हणत. तेव्हा कोणाला त्यात वावगे वाटत नव्हते. बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवली, हलाल झाले, प्रश्न मिटला.

अब्बा एकोणऐंशीचे झाले. एका डोळ्याचे ऑपरेशन झाले, दुसऱ्याचे राहिले आहे. डॉक्टर म्हणाले, तोही करून घ्या. अब्बा म्हणाले, “पैले तुगदर देखूंगा, बादमें ऑपरेशन.”

“अब्बा, नान्नज तो बाजूमेंच है. राजस्थान कायकू?”

“नान्नज में जाके किसको देखूं? घास को?”

तेव्हा निघालो. गाडी चालवायला भाईजान, मागे अब्बा आणि मी, पुढच्या सीटवर भाची. तिला कॉलेजात पक्षी पाहण्याचा नाद लागलेला, गळ्यात दुर्बीण, मांडीवर वही. सोलापूरहून पुणे, मुंबई, अहमदाबाद, पालनपूर करत तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही अबूचा घाट चढलो.

अबू म्हणजे अरवलीचा माथा. गुरुशिखर १,७२२ मीटर उंच आहे.  खाली भाजलेला सपाट मुलूख आणि वर आंबा, करवंद, घाणेरीची झुडपे. आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडा उत्तरेकडे सरकत सरकत इथवर येतो. अब्बा त्याची बांग ऐकून म्हणाले, “ये तो अपने तरफ का है.” परमुलुखात गाववाला भेटावा तसे त्यांचे तोंड झाले होते.

भाचीला मात्र हिरवी मुनिया हवी होती. चिमणीहून लहान, पाठ पोपटी, पोट पिवळे, बगलेत काळेपांढरे पट्टे आणि चोच लालचुटूक. ती फक्त भारतातच सापडते आणि तीही मोजक्या जागी. अबू त्यातली एक. अचलगडच्या वाटेवर एका शेताच्या कुंपणाशी सकाळी दीड तास उभे राहिल्यावर बारा-तेराचा थवा गवताच्या बियांवर उतरला. भाची मोजत होती, भाईजान श्वास धरून होते. अब्बा म्हणाले, “ही मी पाहिली आहे. पिंजऱ्यात.”

त्यांचे खरे होते. जुन्या बाजारांत ही मुनिया जोडीवर विकली जाई. देशातल्या रानपाखरांच्या व्यापारावर १९९०-९१ मध्ये पूर्ण बंदी आली, पण चोरीचा धंदा सरला नाही. आपल्या मोहल्ल्यांत पिंजऱ्याची हौस कमी नाही, हे आपण आपसात तरी कबूल करायला हरकत नसावी. फासेपारधी, बहेलिये, मीरशिकार यांच्या पिढ्या पाखरे पकडण्यावर जगल्या. त्यांच्या हातचे ज्ञान कोणत्याही पदवीहून कमी नव्हते. बिहारच्या मीरशिकार जमातीतले अली हुसेन हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत आले आणि पकडलेल्या पाखराच्या पायात कडी अडकवून ते पुन्हा सोडून देण्याच्या कामात त्यांनी उमर घालवली. हात तेच, जाळे तेच. पाखरू मात्र सुटत होते, आणि ते कुठे जाते, किती जगते हे माणसाला कळू लागले होते.

अबू उतरून सिरोही, पालीवरून आम्ही जोधपूरच्या दिशेला लागलो. हिरवे मागे पडले. खेजडी, बोर, मग फक्त रुई. जुहरच्या वेळी एका विहिरीपाशी थांबलो. अब्बा वजू करत असताना दहा पावलांवर एक हुदहुद्या जमिनीत चोच खुपसत फिरत होता. मराठीत त्याला हुदहुद्या म्हणतात आणि अरबीत हुदहुद. कुरआन शरीफने ज्याचा नाव घेऊन उल्लेख केला ते पाखरू आमच्या सोलापूरच्या अंगणातही याच नावाने फिरते, याचे मला नेहमी अप्रूप वाटते.

नमाजनंतर भाचीने विचारले, “दादा, हुदहुदचा किस्सा काय आहे?” अब्बांनी सांगितला. सूरह नम्लमध्ये येतो तो. सुलेमान अलैहिस्सलाम यांच्या लष्करात माणसे, जिन्न आणि पाखरे होती. एकदा त्यांनी पाखरांची पाहणी केली आणि हुदहुद दिसला नाही. ते रागावले. योग्य कारण सांगितले नाही तर कडक सजा होईल म्हणाले. थोड्या वेळाने हुदहुद आला, तो सबा देशाच्या राणीची खबर घेऊन. बादशहाला जे माहीत नव्हते ते एका पाखराला माहीत होते.

हा किस्सा मी लहानपणापासून ऐकत आले आहे. शाळेत रोज सकाळी मी स्वतः हजेरी घेते, म्हणून असेल कदाचित, पण त्या विहिरीपाशी माझे लक्ष राणीच्या खबरीकडे गेले नाही. एवढ्या मोठ्या बादशहाला अफाट लष्करातले एक वीतभर पाखरू जागेवर नाही हे कळले, याकडे गेले. हजर असलेल्यांना कोणीही मोजतो. गैरहजर कोण, हे ज्याला कळते त्याचीच हजेरी खरी. आमच्या माळावरून तुगदर गेला. कधी गेला, कोणत्या साली, कोणत्या पावसाळ्यानंतर? सोलापुरात विचारून पाहा, किती जण सांगतात ते.

जोधपूरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पहाटेच फलोदीजवळचे खीचन गाठले. इथे हिवाळ्यात करकोचे येतात. राजस्थानात त्यांना कुरजा म्हणतात. मंगोलिया आणि मध्य आशियाकडून हिमालय ओलांडून हजारोंनी. गावातल्या जैन कुटुंबांनी कबुतरांना दाणे टाकायचा परिपाठ ठेवला होता. त्यात काही कुरजा येऊन बसू लागल्या. लोकांनी हाकलले नाही, दाणे वाढवले. आता कुंपण घातलेले चुग्गाघर आहे आणि रोज पोत्यांनी ज्वारी पडते. थवा आला तेव्हा आभाळ राखाडी झाले आणि त्या कलकलाटात आम्हाला एकमेकांचे बोलणे ऐकू येईना. आम्ही गेलो त्यानंतर चार-पाच महिन्यांनी, जून २०२५ मध्ये, खीचनला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला.

एका घराच्या गच्चीवरून आम्ही पाहत होतो. घरमालकिणीने चहा दिला, कुठून आलात विचारले. आमची नावे ऐकून तिने चहाबरोबरचे बिस्किट परत घेतले नाही, एवढेच सांगते. आजकाल तेवढेही सांगावेसे वाटते.

सूरह अनआममध्ये पाखरांविषयी एक आयत आहे. दोन पंखांवर उडणारे प्रत्येक पाखरू हे तुमच्यासारख्याच एका उम्मतीचे आहे, असा तिचा आशय. मौलवीसाहेबांकडून ती पुष्कळदा ऐकली होती. खीचनच्या गच्चीवर तिचा अर्थ डोळ्यांना दिसला. कुरजांची कुटुंबे होती. आईबाप आणि मध्ये यंदाचे पिल्लू, असे तिघे तिघे उतरत होते. एक पाहारा ठेवी, बाकीचे खात. परमुलुखात आलेली उम्मत, जी वेळेवर येते, वेळेवर जाते आणि दाणे देणाऱ्याचा धर्म विचारत नाही.

फलोदीहून जैसलमेरची वाट पोकरणवरून जाते. मध्ये रामदेवरा लागते. रामदेव बाबांच्या या स्थानाला मुसलमान रामसा पीर म्हणून मानतात. याच रामदेवऱ्याला आणि जैसलमेरपलीकडे सम इथे माळढोकाच्या प्रजननाची केंद्रे आहेत. रानातली अंडी आणून उबवायची, पिल्ले वाढवायची आणि पुढे त्यांची पिल्ले रानात सोडायची, असा बेत आहे. मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. कुत्रे, कोल्हे, मेंढरांचे पाय, यातून ते वाचायचे.

पोकरणच्या पुढे पवनचक्क्या सुरू झाल्या. मग सौर पट्ट्यांची शेते आणि त्यातून निघालेल्या विजेच्या तारा. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. त्याला आजूबाजूचे पुष्कळ दिसते, नाकासमोरचे फार कमी. तार दिसते तेव्हा एवढे जड अंग वळवायला वेळ उरत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या मुलुखातल्या तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. २०२४ मध्ये तो बदलून विषय तज्ज्ञांच्या समितीकडे सोपवला. सूर्यापासून आणि वाऱ्यापासून वीज करणे हे चांगलेच काम आहे. कोळशाचा धूर कोणाला हवा आहे? पण चांगल्या कामाखालीही कोणीतरी चिरडले जाते आणि बहुधा ज्याची संख्या कमी असते तेच. तारांवर ठराविक अंतराने चकत्या लटकत होत्या. पाखराला तार दिसावी म्हणून. भाची त्या मोजू लागली आणि थोड्या वेळाने तिने मोजणे सोडून दिले.

एका नाक्यावर आम्हाला थांबवले. सरहद्द जवळ, दुर्बिणी गळ्यात आणि आधार कार्डांवर आमची नावे. पाखरे पाहायला एवढ्या लांब आलात? सोलापुरात पाखरे नाहीत? अर्धा तास प्रश्न चालले. अब्बा शांतपणे म्हणाले, “साहेब, तिथली संपली म्हणून आलो.” भाचीने वही उघडून दाखवली. त्यात तारीखवार नावे होती : हिरवी मुनिया १३, हुदहुद्या १, कुरजा (मोजता आल्या नाहीत). साहेबांनी पाने उलटली आणि जाऊ दिले. पुढे गेल्यावर भाईजान हसून म्हणाले, २०१५ मध्ये पठाणकोटजवळ पलीकडून आलेल्या एका कबुतराला पकडून त्याचा एक्स-रे काढला होता, आपली तर फक्त वही तपासली. आम्ही हसलो. अब्बा हसले नाहीत.

मरुभूमी राष्ट्रीय उद्यान १९८० मध्ये झाले. क्षेत्र ३,१६२ चौरस किलोमीटर. जंगल म्हणावे असे त्यात काही नाही. वाळू, खडक, सेवण गवताचे ठोंब, केर आणि आक. उद्यानात गावे आहेत, ढाण्या आहेत. आमचे वाटाडे चाचा त्यातल्याच एका ढाणीतले, सिंधी बोलणारे मुसलमान, मेंढ्या राखणारे. पाखराला ते गोडावण म्हणत. उद्यान झाल्यापासून गावात रस्ता करायचा, तार ओढायची तर परवानगी लागते, ही त्यांची तक्रार. “पाखराचे राज्य आले, आमचे काय?” ते म्हणाले. शब्द वेगळे, पण नान्नजच्या शेतकऱ्याचे गाऱ्हाणे मला त्यात ऐकू आले. पाखराला वाचवायचे आणि त्याच्या शेजाऱ्याला विसरायचे, हे फार दिवस चालत नाही. तरीही चाचांना प्रत्येक गोडावण कुठे चरतो, कोणत्या मादीबरोबर यंदा पिल्लू होते, हे तोंडपाठ होते.

सुदासरीच्या बाजूला सकाळी साडेसातला आम्ही उभे होतो. थंडी बोचत होती. पखुर्ड्यांचा थवा पाण्याकडे गेला. चाचा म्हणाले, उन्हाळ्यात या पाखराचा नर पाण्यात बसून पोटाची पिसे भिजवतो आणि मैलोन् मैल उडत जाऊन पिल्लांना ती पिसे चोखू देतो. पुस्तकांतही हेच आहे. चाचांनी पुस्तक वाचलेले नव्हते.

मग त्यांनी बोट दाखवले. भाचीने दुर्बीण लावली, मी लावली. दूर गवतात दोन माद्या चालत होत्या. तपकिरी पाठ, पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी. अब्बांनी दुर्बीण नको म्हटले. हाताची सावली करून चांगल्या डोळ्याने ते पाहत राहिले. इतक्या दुरून त्यांना काय दिसणार, म्हणून भाची कानाशी सांगू लागली, “दादा, डावीकडे…”

“दिखी. चाल से दिखी. तुगदरच है.”

माळढोक हनुवटी वर करून, पाऊल मोजून टाकत चालतो. पोक्त माणसाने मशिदीकडे निघावे तसा. अब्बांनी सत्तर वर्षांपूर्वी पाहिलेली चाल त्यांना ओळखू आली. पाखरे वीसेक मिनिटे चरली आणि उतारामागे गेली.

“कित्ते होंगे अब, सारे मिलाके?” अब्बांनी विचारले.

“रानात दीडशेहूनही कमी,” भाची म्हणाली.

अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “उससे जादा घर तो अपने मोहल्ले में हैं.”

परतताना चाचांनी जुनी गोष्ट काढली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अरब शाहजादे बहिरी ससाणे आणि गाड्यांचे ताफे घेऊन याच वाळूत शिकारीला आले होते. तिलोर, म्हणजे होबारा, हे त्यांचे सावज. माळढोकाचाच लहान भाऊबंद. राजस्थानात लोक रस्त्यावर उतरले आणि ती शिकार बंद पडली. त्या जागृतीतूनच १९८१ मध्ये गोडावण हा राजस्थानचा राज्यपक्षी झाला. सलीम अलींना तर तो देशाचा राष्ट्रीय पक्षी व्हावा असे वाटत होते. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला.

या गोष्टीला एक पुढचा अध्याय आहे आणि तो मी चाचांना सांगितला. ज्या अरबांनी होबारा जवळजवळ संपवला, त्यांनीच तो वाचवायला अबू धाबीत संस्था काढली. कृत्रिम रेतनाने पिल्ले वाढवण्याचे तंत्र आपल्या शास्त्रज्ञांनी तिथे जाऊन शिकून घेतले. ऑक्टोबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या केंद्रात त्या तंत्राने माळढोकाचे पहिले पिल्लू जन्मले. चाचा म्हणाले, “खुदा त्याच हातांकडून काम करून घेतो.” मला मीरशिकार अली हुसेन आठवले. छऱ्याची बंदूक घेतलेला खेतवाडीचा पोरही आठवला. बडे अब्बांनाही पाखराची सवय, जागा, वेळ सारे ठाऊक होते. त्यांच्या ज्ञानाला पुढचा प्रश्न कोणी विचारला नाही, एवढेच. हलाल आहे का, याच्यापाठोपाठ ‘आता किती उरली?’ हेही विचारायला हवे होते. जे कायमचे संपेल ते खाण्याची इजाजत असली तरी संपवण्याची कोठे आहे? सृष्टी ही अमानत आहे असे आपण मानतो, आणि अमानतीचा हिशेब द्यावा लागतो.

सोलापूरला आल्यावर अब्बांनी डोळ्याचे ऑपरेशन करून घेतले. मी सहावीच्या वर्गाला एक काम दिले. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, तुमच्या लहानपणी दिसणारे आणि आता न दिसणारे पाखरू कोणते? चौतीस मुलांनी कागद आणले. गिधाड सर्वांत जास्त वेळा आले. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने त्यांचा घात झाला आणि २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, हे फळ्यावर लिहून दिले. कोणी तणमोर लिहिले होते, कोणी चंडोल, एकीच्या नानीने नुसतेच ‘पानी के किनारे का सफेद वाला’ असे सांगितले होते. माळढोक तिघांनीच लिहिला होता.

ते कागद मी घरी आणून अब्बांसमोर ठेवले. नव्या चष्म्याने त्यांनी एकेक वाचला. ज्या तीन कागदांवर माळढोक होता त्यांवर त्यांनी पेनने कंसात, आपल्या जुन्या वळणदार अक्षरात, तुगदर असे लिहिले आणि म्हणाले, “बच्चों को बोलो, इसका ये भी नाम है.”